सिंगापूरची आठवी जोडी

पासिर रिस, सिंगापूर
१७ फेब्रुवारी २०१६

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार लिहायला बसलो खरा, पण उजवा गुडघा असा काही धरलाय की तो नमस्कार खोटा ठरेल. उभ्यानं केलेला घे.

गुडघा नाचून धरलाय. हसू नकोस. किंवा हसच. माझ्या सारंगच्या लग्नापासून सहा वर्षं तू माझ्याशी बोललेला नाहीस, हसलास तर तेवढं तरी होईल. मी दर दिवाळीला पत्र टाकतो, तू उत्तर देत नाहीस, आणि वहिनी फोनवर 'सगळे बरे आहेत' एवढं म्हणून तुझ्या प्रबोधच्या हातात फोन देतात. यंदा मी दिवाळीची वाट बघणार नाही.

जिच्यावरून तू संबंध तोडलेस तिच्याविषयी तू एकदाही विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगतो. तू लोकांना सांगतोस तशी ती 'अमेरिकन' नाही. जन्म शिकागोचा, पण माणसं लिथुआनियाची. बाल्टिक समुद्राच्या काठचा लहानसा देश आहे. महायुद्धात रशियन फौजा आल्या तेव्हा तिची आजी पंधरा वर्षांची होती. आईचा हात धरून पळाली, काही वर्षं जर्मनीत निर्वासितांच्या छावणीत काढली आणि मग बोटीनं अमेरिकेला गेली. पुढं जवळजवळ पन्नास वर्षं तो देश नकाशावर नव्हता. जगभर पांगलेल्या ह्या लोकांनी मग एक केलं. काही वर्षांनी एकदा अमेरिकेत कुठंतरी जमायचं आणि सगळ्यांनी मिळून आपले लोकनाच नाचायचे. देश परत मिळाल्यावरही ते थांबले नाहीत.

तिचं नाव रूता. त्यांच्याकडे ते एका झाडाचं नाव आहे, आपण सताप म्हणतो तेच झाड. लग्नात गुरुजींनी नवं नाव विचारलं, तेव्हा सारंग म्हणाला, ऋता हेच. तांदळात तेच लिहिलं. 'साधं नाव बदलायची तयारी नाही' असं तू म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं. बदलायची गरजच पडली नाही रे.

काल त्यांचा स्वातंत्र्यदिन होता. सिंगापुरातले मूठभर लिथुआनियन संध्याकाळी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत जमले. इथं प्रत्येक इमारतीखाली अशी जागा असते, लग्नं, मर्तिकं सगळं तिथंच होतं. येत्या जुलैत बाल्टिमोरला तो मेळा आहे आणि सिंगापूरहून आठ जोड्या न्यायच्या असं त्यांनी ठरवलंय. बायका जमल्या, पुरुष कमी पडताहेत. आपला सारंग मुळात तालाचा शत्रू, त्याला पहिल्याच दिवशी काढून टाकला. मी नातीला, जाईला, घेऊन बाकावर बसलो होतो. ऋता आली आणि म्हणाली, "बाबा, तू जरा इथं उभा राहतोस? खांब म्हणून."

हो, ती मला अरे-तुरे करते. सारंगकडून मराठी शिकली, तो बोलतो तशी बोलते. मी सुधारलं नाही, सुधारणारही नाही.

खांब म्हणून उभा राहिलो. मग सगळे फिरायला लागले आणि खांबही फिरला.

तुझा,
मनोहर


पासिर रिस
२७ मार्च २०१६

दादा,

मी आता खांब राहिलेलो नाही. ज्याच्या जागी उभा होतो तो जहाज कंपनीतला मनुष्य बदली होऊन युरोपात गेला, आणि त्याची जागा मला मिळाली. एकोणसत्तराव्या वर्षी बढती. टेलिफोन खात्यात शेवटची दहा वर्षं मिळाली नव्हती.

तालीम दर रविवारी. मध्यंतरी खाली एका मलाय कुटुंबाचं लग्न होतं, म्हणून आम्ही समुद्राकाठच्या बागेत गेलो. समोर मालवाहू जहाजं नांगरलेली, आणि वाळूशेजारच्या गवतावर आम्ही सोळा जण हातात हात घालून फिरतोय. तिसऱ्या मजल्यावरच्या चिनी आजीबाई आपली घडीची खुर्ची घेऊन तिथवर आल्या होत्या. आम्ही चुकलो की त्या मान हलवतात.

मुख्य नाच पवनचक्कीचा. चार-चार जणांनी मधे हात जोडायचे आणि चाकाच्या आऱ्यांसारखं फिरायचं, मग हात सोडून दुसऱ्या चाकात शिरायचं. शाळेत लेझीम खेळलेल्या माणसाला हे जड जाऊ नये असं मला वाटलं होतं. जड जातंच. लेझमीत पाय आपले आपण टाकायचे असतात. इथं एकाचा पाय चुकला की चौघांचं चाक मोडतं. ऋता कुणाला सवलत देत नाही, मलाही नाही. "बाबा, डावा. डावा, बाबा." जाई बाकावर उभी राहून, इथल्या पोरांसारखं वाक्याला 'ला' जोडून ओरडते, "आजोबा, डोन्ट बी शाय ला." तिला मी दटावलं, मराठीत बोल म्हणून. तर म्हणाली, "आजोबा, लाजू नको ला."

तालमीनंतर मी ऋताला विचारलं, एवढा आटापिटा कशासाठी. नोकरी आहे, संसार आहे, लहान मूल आहे. ती वेणी बांधत होती. म्हणाली, लहानपणी शनिवारची भाषेची शाळा बुडाली तर आजी काही बोलायची नाही, पण नाचाची तालीम बुडाली तर जेवायला वाढायची नाही. छावणीत तिनं पोत्याच्या कापडाचा घागरा शिवून नाच केला होता. घर नाही, देश नाही, पोट रिकामं, आणि ही मंडळी रांगेत उभी राहून पावलं घोकत होती.

ती आजी अजून आहे. अल्दोना तिचं नाव, वय सत्त्याऐंशी. आणि हे मला परवाच कळलं, की ऋताच्या लग्नाला तीही आली नव्हती. 'आम्ही एवढं राखलं ते तू हिंदू मुलाशी लग्न करून बुडवावंस म्हणून का', असं म्हणाली आणि फोन ठेवला. तेव्हापासून नातीशी बोललेली नाही.

म्हणजे तू एकटाच आहेस असं समजू नकोस. शिकागोलाही तुझ्यासारखाच एक दीनानाथ आहे.

मनोहर


पासिर रिस
८ मे २०१६

दादा,

प्रबोधचा फोन आला. 'काका, बाबांचं सहस्रचंद्रदर्शन तीन जुलैला करायचं ठरलंय, बाबांनी तुम्हाला बोलवायला सांगितलंय.' मी उभा होतो तो खाली बसलो. सारंगला वाटलं, कुणी गेलं.

आपले वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि तू अठराचा. कॉलेज सोडून तू नोकरी धरलीस आणि मला शाळेत घातलंस. पोहायला शिकवलंस, माझी मुंज लावलीस, माझ्या लग्नात बापाच्या जागी बसलास. माझी नीता गेली तेव्हा तिच्या दिवसांना तेरा दिवस माझ्याजवळून हलला नाहीस. मी हे विसरलो असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढून टाक. तुझ्या पायावर डोकं ठेवायला मी रांगत आलो असतो.

पण प्रबोधला आणखी दोन गोष्टी सांगायच्या होत्या, आणि त्या सांगताना त्याचा आवाज पडला. एक, मी एकट्यानं यायचं. दोन, नाच बंद करायचा. आमच्या तालमीची फीत कुणीतरी फेसबुकवर टाकली होती, ती तुला दाखवली म्हणे. 'सासरा सुनेचा हात धरून नाचतो, हे बघवत नाही,' असं तू म्हणालास. आणि 'आपलं सोडून परक्यांचं नाचतोय' असंही.

तीन जुलैलाच बाल्टिमोरचा नाच आहे. तुला ते ठाऊक नव्हतं, असंच मी धरून चालतो.

मी घरात सांगितलं. ऋतानं भांडी घासून हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"बाबा, तू पुण्याला जा. आठवा माणूस मी शोधते."

"तुला कुणी एकटीला बोलावलं तर तू जाशील?"

ती म्हणाली, "आजीनं आईकडून निरोप पाठवला होता. दोन वर्षांपूर्वी, ख्रिसमसला. एकटी ये म्हणाली. मी नाही गेले."

"मग मला कशाला पाठवतेस?"

ती उठून घासलेली भांडी पुसायला लागली. दादा, माझंही उत्तर तिचंच आहे. 'सगळ्यांना घेऊन ये' असा निरोप आला असता, तर मी बाल्टिमोर सोडून पुण्याला आलो असतो, आणि हे मी ऋताच्या तोंडावर सांगितलं आहे. पण एकटा येणार नाही. नाचही बंद होणार नाही.

आता परक्यांचं. तू भर पेठेत राहतोस. तुझी नातवंडं फोनवर मला 'हाय आजोबा' म्हणतात आणि त्यापुढं मराठीचं एक वाक्य धड पुरं करत नाहीत. इथं समुद्रापार जाई माझ्याशी मराठीत भांडते, मराठीत खोटं बोलते. ते माझ्यामुळं नाही. मी आळशी आहे. गोष्ट सांगता सांगता मी इंग्रजीवर घसरलो की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "बाबा, मराठीत." शनिवारी सकाळी ती मुलीला स्वतःची भाषा शिकवते आणि रात्रीच्या जेवणाला माझी भाषा बोलायला लावते. भाषा आपोआप राहत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. आपल्याला कुणी पळवून लावलं नाही, म्हणून आपल्याला ते कळलं नाही.

सुनेचा हात धरतो म्हणतोस. धरतो. तिनं धरला नसता तर मी दुसऱ्याच रविवारी पडलो असतो.

मनोहर


पासिर रिस
१२ जून २०१६

दादा,

काल वहिनींचा फोन आला, तुला न सांगता केला म्हणाल्या. मी त्यांना शब्द दिला होता की हे तुला कळवणार नाही, पण तुमच्या घरात आधीच पुष्कळ निरोप इकडून तिकडे फिरताहेत, त्यात आणखी एक चोरटा नको. त्या रडल्या. "भावजी, ह्यांचं वय झालं, तुम्ही तरी नमतं घ्या." मी म्हटलं, वहिनी, माझंही वय झालंय. आणि नमतं घ्यायचं तर ऋताच्या वतीनं घ्यावं लागेल, त्याचा हक्क मला नाही.

फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही, हेही लिहून ठेवतो.

लिटिल इंडियातल्या तमिळ शिंप्याकडे नाचासाठी बंडी शिवायला टाकली होती, ती आणली. त्यानं विचारलं, कुणाचं लग्न. मी म्हटलं, लग्न होऊन सहा वर्षं झाली, वरात आत्ता निघतेय.

गुडघ्याचं घरात कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाली, चाला, पण नाचू नका. मी तिचे आभार मानले आणि पट्टा विकत घेतला. तू हे सारंगला कळवणार नाहीस याची मला खात्री आहे. तू आमच्यापैकी कुणालाच काही कळवत नाहीस, त्याचा एवढा एक फायदा.

मनोहर


बाल्टिमोर
४ जुलै २०१६

दादा,

काल सकाळी हॉटेलात अंघोळ करून पूर्वेला तोंड केलं आणि तुला नमस्कार केला. पूर्व कुठली ते सारंगनं फोनवर बघून सांगितलं. तोवर पुण्यात तुझा सोहळा उरकलाही असेल. तू सहस्र चंद्र पाहिलेस. दादा, खूप जग.

आता इथलं ऐक.

परवा तालमीच्या दिवशी एवढ्या मोठ्या बंदिस्त मैदानात आम्ही शिरलो तेव्हा माझे पाय जागीच थांबले. शेकड्यांनी माणसं. कॅनडाची, दक्षिण अमेरिकेची, युरोपातली. पांढऱ्या केसांच्या जोड्या आणि जाईएवढी पोरं. सगळ्यांच्या अंगावर विणलेल्या पट्ट्यांचे घागरे, बंड्या, कमरेला रंगीत गोफ. बोलणं दहा प्रकारच्या इंग्रजीतलं आणि मधेमधे स्पॅनिश, पण वाद्यं वाजली की सगळ्यांचा डावा पाय एकदम उचलला जायचा. सिंगापूरचा फलक धरून आम्ही आठ जोड्या, त्यात मी एकटा सावळा. लोक बघत होते. बघू दिलं.

दुपारच्या सुट्टीत ऋताची आई एका म्हातारीला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. खुर्ची थांबली तशी म्हातारी काठी टेकून उभी राहिली. बसून भेटायचं तिच्या मनात नव्हतं. अल्दोना. ऋता माझ्या शेजारी होती.

म्हातारी नातीकडे बघेना. जाईकडे बघितलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. जाईनं उत्तर दिलं. आणखी विचारलं, आणखी उत्तर. मला फक्त 'सिंगापूर' आणि 'आजोबा' एवढं कळलं. जाईला आजोबाला आजोबाच म्हणायचं माहीत आहे, कुठल्याही भाषेत. म्हातारी परीक्षा घेत होती आणि पोर पास होत होती, तरी चेहरा हलत नव्हता. मग तिनं माझ्याकडे बोट केलं.

मला वाटलं आपण गप्प राहावं. पाहुणे आहोत, परमुलूख आहे. पण दादा, सहा वर्षं मी हे तुला म्हणू शकलो नव्हतो, आणि समोर तुझ्यासारखीच ताठ मान उभी होती. मी ऋताला म्हटलं, "हिला सांग, सहा वर्षं तुम्ही ह्या पोरीशी बोलला नाहीत, ते तुम्ही वाईट केलंत."

ऋता म्हणाली, "मी नाही सांगणार, बाबा."

जाईनं सांगितलं. खणखणीत आवाजात, माझा हात धरून. शब्द तिला सापडले की नाही कोण जाणे, पण ऋताच्या आईनं तोंडावर हात ठेवला, म्हणजे सापडले असणार.

म्हातारी जाईशी हळू बोलली, आणि जाईनं माझ्यासाठी मराठी केलं, "आजोबा, ती म्हणते, हो. ती म्हणते, तिला भीती वाटली की तिच्यानंतर कोणीच नाही."

ती दोन पावलं पुढं आली आणि माझ्या कमरेच्या गोफाला हात घातला. मी तो सवयीनं समोर गाठ मारून बांधला होता, धोतरावर उपरणं बांधतात तसा. तिनं गाठ सोडली, गोफ पुन्हा ओढून घेतला, बाजूला बांधला आणि दोन्ही टोकं मांडीवर नीट सोडली. गाठ पक्की बसली. मग ऋताकडे वळून, सहा वर्षांत पहिल्यांदा, ती नातीशी बोलली.

ऋतानं नंतर सांगितलं ती काय म्हणाली ते. "म्हाताऱ्याला धड बांधायलाही शिकवलं नाहीस." एवढंच. ऋता गाडीतळावर जाऊन रडली. सारंग तिच्यामागं गेला. मी आणि म्हातारी तिथंच उभे राहिलो, एकमेकांचं एक अक्षर न कळणारे, आणि जाई दोघांना आळीपाळीनं चिप्स भरवत होती.

काल नाच झाला. पवनचक्कीत शेवटच्या फेरीला मी चुकीच्या चाकाकडे वळलो. ऋतानं मनगट धरून मला ओढून आत घेतलं. वरून बघणाऱ्याला कळलंही नसेल. आम्ही फिरत होतो, आमच्या भोवती शंभर चाकं फिरत होती, आणि गुडघा दुखतोय हे मला बाहेर आल्यावर आठवलं.

परक्यांचं होतं म्हणतोस. असेल. पण जपायचं कसं, ते मी ह्या परक्यांकडे शिकलो.

मनोहर


पासिर रिस
७ ऑगस्ट २०१६

दादा,

गुडघ्याचं बिंग फुटलं. महिनाभर फिजिओथेरपी आहे, आणि सारंग माझ्याशी तुटक बोलतो. म्हातारीचा मात्र दर रविवारी फोन येतो. नातीशी थोडं आणि पणतीशी पुष्कळ बोलते. माफी तिनं मागितलेली नाही, ऋतानंही नाही. आता त्यावाचून कुणाचं अडत नाही.

तुझ्या सोहळ्याचे फोटो प्रबोधनं पाठवले. वाळला आहेस. मी विचारलं, माझी चौकशी केली का. तो म्हणाला, 'बाबांनी बाल्टिमोरचं पत्र दोनदा वाचलं, पण काही बोलले नाहीत.' म्हणजे पत्रं वाचतोस. मी इतकी वर्षं उगीच समजत होतो की फाडतोस.

तेव्हा हेही वाच. आम्ही गणपतीला येतोय. सारंग, ऋता, जाई आणि मी. तिकिटं काढली आहेत. परवानगी मागत नाही, कारण तो गणपती आपल्या वडिलांनी बसवलेला आहे, तुझ्या एकट्याचा नाही. ऋता मोदक करायला शिकली आहे. कळ्या नीट पडत नाहीत, पण वहिनींच्या शेजारी पाटावर बसली की पडतील. जाईला आरती पाठ आहे आणि ती मोठ्यानं म्हणते, तुझे कान तृप्त होतील.

पेठेत लोक काय म्हणतील ते म्हणू देत. माझ्या सुनेला देवघरात जाऊ द्यायचं नसेल तर तो निर्णय तुझा. फक्त ह्या वेळी प्रबोधकरवी निरोप धाडू नकोस, आणि वहिनींना पुढं करू नकोस. अडवायचं असेल तर तू स्वतः दारात येऊन उभा राहा.

सहा वर्षांनी मला तू तसा तरी दिसशील.

तुझा धाकटा,
मनोहर